कावा : घोडा रिंगणात घडतो

१/
‘गनिमी कावा’ हा शब्द महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. तो उच्चारताच डोंगरखिंड, रात्रीचा छापा आणि शत्रूला दिलेली हुलकावणी डोळ्यांसमोर येते. मात्र जुने मराठी आणि हिंदी कोश उघडले, तर ‘कावा’ या शब्दासमोर घोड्याच्या तालमीतील एक क्रिया नोंदलेली आढळते : घोड्याला वर्तुळात फिरवणे. कपट, डावपेच, चकवा हा अर्थ त्याच्या शेजारीच उभा आहे. हिंदीत ‘कावा काटना’ म्हणजे गोल फिरणे आणि नजर चुकवून दुसरीकडे निसटणेही.

२/
हा धागा त्या वर्तुळाविषयी आहे. पाठीवर स्वार बसण्याच्या कितीतरी आधी, जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हाताखाली कोवळा घोडा कसा घडतो, हे ज्ञान दख्खनेत कुठून आले आणि कोणी जपले, याविषयी. त्यासाठी नांदेड आणि लातूर हे दोन जिल्हे मध्यभागी धरले आहेत. माळेगावचा घोडेबाजार, कंधार, औसा आणि उदगीरचे किल्ले, नांदेडचा गुरुद्वारा आणि सीमेपलीकडची चालुक्यांची कल्याणी, एवढे सगळे या टापूत एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहे.

३/
आधी घोड्याचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ सभोवारचे दिसते. पण कपाळाच्या अगदी समोरचा आणि शेपटीमागचा थोडा भाग त्याच्या नजरेबाहेर राहतो. म्हणून जाणता माणूस घोड्याजवळ खांद्याच्या बाजूने जातो, जाताना आवाज देतो आणि पहिला हात मानेवर किंवा खांद्यावर ठेवतो. मागून मुकाट्याने जाणाऱ्याला लाथ बसली, तर त्यात घोड्याचा दुष्टावा नसतो.

४/
शिंगरू आईजवळ असतानाच त्याची शाळा सुरू होते. अंगावर हात फिरवणे, कान आणि तोंड हाताळू देणे, खरारा, मग म्होरकी. त्यानंतर दोरीने सोबत चालणे, थांबणे, मागे सरणे. पाय उचलून देणे हा स्वतंत्र धडा आहे, कारण पुढे आयुष्यभर नालबंदापुढे उभे राहायचे असते. मग लांब दोरीवर वर्तुळात चाल, दुडकी आणि धाव. आधी एका अंगाने, मग दुसऱ्या अंगाने. डाव्या बाजूने शिकलेले उजव्या बाजूने पुन्हा शिकवावे लागते, हे प्रत्येक जुन्या शिकवणाऱ्याला ठाऊक असते. पाठीवर घोंगडी, तिच्यानंतर खोगीर आणि तंग, आणि सर्वांत शेवटी माणूस.

५/
या साऱ्याचे मर्म एका लहानशा कृतीत आहे : दोरीचा ताण वेळेवर सोडणे. माणूस दोरी हलकेच ओढतो, शिंगरू अडते. ते एक पाऊल पुढे टाकते त्याच क्षणी दोरी सैल होते. ताण सुटणे हेच त्याचे बक्षीस. तो क्षण चुकला, पाऊल टाकूनही ओढ सुरूच राहिली, तर शिंगरू उलटाच धडा शिकते : माणसाचे ऐकून काही फायदा नाही. पुढे त्याच घोड्याला लोक ‘हट्टी’ म्हणतात. प्रेमळ शिकवणूक म्हणजे लाड नव्हेत. तिला चोख वेळेचे भान लागते.

६/
मराठीत घोडा ‘फिरवतात’. एका जुन्या लोककोड्यात तीन प्रश्न विचारले जातात : भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला? तिन्हींचे उत्तर एकच, फिरवले नाही म्हणून. अकबर-बिरबलाच्या गोष्टींत मिसळून गेलेले हे कोडे मुलांना गंमत म्हणून सांगितले जाते. त्यात पागेतील एक व्यवहारज्ञान मात्र दडलेले आहे. ठाणावर नुसता बांधून ठेवलेला घोडा आळशी होत नाही, तो अडेल होतो. आणि अडेल घोडा ऐन प्रसंगी धन्याचा जीव घेतो.

७/
या विद्येचा आपल्या भाषेशी नाते सांगणारा अतिप्राचीन लेखी पुरावा भारतात सापडलेला नाही. तो तुर्कस्तानात, हित्ती साम्राज्याची राजधानी हत्तुशा येथील उत्खननात मिळाला. इ. स. पूर्व चौदाव्या शतकाच्या आसपासच्या त्या मातीच्या पाट्यांवर मितान्नी देशाचा किक्कुली नावाचा अश्वशिक्षक बोलतो. रथाच्या घोड्यांना सहा महिन्यांहून अधिक काळ कसे तयार करावे, कोणत्या दिवशी किती अंतर चालवावे, किती पळवावे, केव्हा पाणी द्यावे, केव्हा धुवावे, केव्हा अंगावर पांघरूण घालावे, याचा हा रोजचा तक्ता आहे.

८/
मजकूर हित्ती भाषेत असला तरी काही पारिभाषिक शब्द वेगळेच आहेत : ऐक-वर्तन्न, तेर-वर्तन्न, पंझ-वर्तन्न, सत्त-वर्तन्न, न-वर्तन्न. एक फेरी, तीन फेऱ्या, पाच, सात, नऊ. मराठी वाचकाला अनुवादाची गरजच पडत नाही. ‘वर्तुळ’, ‘आवर्तन’, ‘परतणे’ हे शब्द ज्या मुळाचे, त्याच मुळाचा हा ‘वर्तन्न’. सुमारे तेहतीस शतकांपूर्वी, पश्चिम आशियातील एका परक्या दरबारात, भारतीय-आर्य शब्द टिकून राहिले ते घोड्याच्या फेऱ्या मोजण्यासाठी. राज्ये लयाला गेली. तालमीच्या मैदानावरची परिभाषा उरली.

९/
याच विषयावर पूर्ण स्वरूपात हाती आलेला जुना ग्रंथ ग्रीक लेखक आणि सेनानी झेनोफन याचा, इ. स. पूर्व चौथ्या शतकातील. त्याचे म्हणणे आजही ताजे वाटते. शिंगराला घरीच असे वाढवावे की भूक, तहान आणि माश्यांचा त्रास यांतून सुटका माणसामुळे होते हे त्याला उमगावे. मग त्याला माणसाची ओढच लागते. त्याला गर्दीतून आणि गोंगाटातून फिरवून आणावे. रागाच्या भरात घोड्याशी कधीही वागू नये. बळजबरीने करून घेतलेली गोष्ट घोड्याला समजलेली नसते, आणि तिला डौलही नसतो. चाबकाने नाचवलेल्या नर्तकाला कुठला डौल?

१०/
कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षावर स्वतंत्र प्रकरण आहे. तिथे व्यालेल्या घोडीला पहिल्या तीन रात्री तूप द्यावे, शिंगराला काही दिवसांनी जवाचे पीठ, तूप आणि दूध सुरू करावे आणि वयानुसार रतीब वाढवत न्यावा, असे बारीक हिशेब येतात. चार किंवा पाच वर्षांचा झाल्यावर घोडा पूर्ण वाढीचा आणि कामायोग्य मानला आहे. आजचे पशुवैद्यकही सांगते की घोड्याची उंची लवकर भरली तरी पाठीच्या कण्याची हाडे पक्की व्हायला पाच-सहा वर्षे लागतात. दोन वर्षांच्या शिंगरावर जड स्वार बसवणे म्हणजे ओल्या भिंतीवर छप्पर चढवणे.

११/
त्याच प्रकरणात स्वारीच्या घोड्याच्या चालींचे वर्गीकरण आहे : वल्गन, नीचैर्गत, लंघन, धोरण आणि नारोष्ट्र. ‘वल्गन’ म्हणजे वर्तुळाकार चाल. तिचे आणखी पोटभेद दिले आहेत. ‘नारोष्ट्र’ म्हणजे संकेत ओळखून दिलेला प्रतिसाद. धावणे आणि उड्या यांच्या पंक्तीला ‘संकेत ओळखणे’ ही स्वतंत्र चाल म्हणून बसवली आहे, हे लक्षात घेण्याजोगे. घोड्याचे वेगळेही प्रकार तेथे केले आहेत, तीक्ष्ण, भद्र आणि मंद. आणि प्रत्येकाला काम त्याच्या प्रकृतीप्रमाणे द्यावे अशी अपेक्षा आहे. महाभारतात विराटाच्या दरबारी ग्रंथिक या नावाने राहणारा नकुलही घोड्यांचा स्वभाव, शिक्षण आणि उपचार जाणतो, हीच आपली पात्रता सांगतो.

१२/
हे शास्त्र मराठवाड्याच्या दारात आले त्याचा पुरावा बाराव्या शतकातील आहे. निलंगा तालुक्याच्या पलीकडे, आज बीदर जिल्ह्यात असलेले बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी होती. देगलूर तालुक्यातील होट्टल आणि निलंग्याची मंदिरे याच काळाची आठवण देतात. कल्याणीचा राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये ‘वाजिवाह्याली विनोद’ येतो : घोड्यांची लक्षणे, त्यांच्या चाली, त्यांना फिरवण्याचे मैदान आणि घोड्यावरून खेळायचा चेंडूचा खेळ.

१३/
राजाने घोड्याकडे इतके लक्ष पुरवावे, याला कारणही तसेच होते. दख्खनेत चांगला घोडा महाग होता. अरबस्तान आणि इराणच्या किनाऱ्यावरून जहाजांनी घोडे येत. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने तमिळ किनाऱ्याविषयी लिहिले आहे की दरवर्षी हजारो घोडे आणले जातात, आणि नीट निगा राखणारे लोक नसल्यामुळे त्यांतील बरेच मरतात. प्रवाशाच्या आकड्यांवर कितीही शंका घेतली तरी मूळ मुद्दा राहतोच : घोडा विकत घेणे सोपे, टिकवणे अवघड. ज्या राज्याला टिकवता येत नसे, त्याचा खजिना समुद्रात ओतल्यासारखाच होता.

१४/
यावर दख्खनेने काढलेला तोडगा म्हणजे इथेच वाढलेला, इथल्या चाऱ्यापाण्यावर जगणारा घोडा. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी घोडा त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. तो उंचीने बेताचा, पण काटक. कमी दाण्यावर लांब पल्ला गाठणारा आणि खडकाळ वाटेवर पाय न चुकवणारा. अलीकडच्या वर्षांत कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने देशी वाण म्हणून त्याची नोंद केली. पठारावरचे धनगर आजही लहान घोड्यांवर संसार लादून रानोमाळ फिरतात. त्या तळांवर शिंगरू जन्मापासून माणसे, पोरे, मेंढरे आणि कुत्री यांच्यात वाढते. झेनोफनने सांगितलेली घरची शाळा ती हीच.

१५/
सतराव्या शतकाच्या प्रारंभी मलिक अंबरने याच घोड्यांच्या आणि मराठा स्वारांच्या बळावर मोगलांना दख्खनेत झुंजवले. कंधारसारखे किल्ले तेव्हा निजामशाहीच्या संघर्षातील मोक्याची ठाणी होते. मोगल इतिहासकार या लढाईच्या पद्धतीला ‘बर्गीगिरी’ म्हणत. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा स्वार. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा. या भेदात घोड्याच्या वागणुकीचे अर्थशास्त्र आहे. शिलेदाराचा घोडा मेला की त्याची नोकरी, पत आणि पुढच्या हंगामाचे बी-बियाणे सारेच एका दिवसात जाई.

१६/
शिवकालीन पागेची रचना कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत येते. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांची एक हजारी. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पाणी आणणारा आणि खूर सांभाळणारा यांना लढणाऱ्यांच्या तक्त्यातच जागा दिली आहे. पावसाळ्यात लष्कर छावणीत परतले की दाणा, रतीब, औषधे आणि घोड्यांसाठी गवताने शाकारलेली घरे आधीच सिद्ध असावीत, असाही दंडक सभासद सांगतो. दसरा झाला की स्वारी बाहेर पडे.

१७/
शिवाजी महाराजांचे १६७० च्या दशकातील एक पत्र प्रसिद्ध आहे, चिपळूणजवळ छावणी केलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना लिहिलेले. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये यासाठी ते सतत आठवले जाते. त्याच पत्राचा दुसरा धागा घोड्यांचा आहे. दाणा-गवत आत्ताच बेहिशेब उडवले तर पावसाळ्यात ते मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असा त्याचा आशय. रात्री जळता दिवा ठेवून झोपू नका, उंदीर वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि घोडी जळतील, इथपर्यंत ते तपशिलात उतरते. घोड्याच्या मरणाची जबाबदारी माणसावर टाकणारा हा लेखी हुकूम आहे.

१८/
पागेत घोडा शिकवणाऱ्याचे पदनाम होते ‘चाबूकस्वार’. आज ते ऐकले की हातात कोरडा घेतलेला मनुष्य दिसतो. फारसीत ‘चाबुक’ या विशेषणाचा अर्थ चपळ, तरबेज असा आहे; ‘चाबुक-सवार’ म्हणजे कुशल घोडेस्वार. फटका मारण्याचे साधनही त्याच नावाने ओळखले जाई, आणि मराठीत शेवटी तेवढेच उरले. चाबूक वापरलाच जात नसे असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. तरीही पदाचे मूळ नाव कौशल्यावरून पडले होते, हे ध्यानात ठेवावे. ‘कावा’ आणि ‘चाबूक’ या दोन्ही शब्दांतून शिकवण्याची कला गळून गेली. एकात कपट राहिले, दुसऱ्यात मार.

१९/
या शिकवणुकीची कसोटी लातूर जिल्ह्याच्या भूमीवर लागली. १७६० च्या आरंभी सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखाली मराठी फौजा निजामाशी उदगीर-औसा परिसरात भिडल्या. निजामाचे सैन्य तोफांच्या आडोशाने सरकत होते. मराठी घोडदळ त्याच्याभोवती फिरत राहिले, रसद तोडली आणि वाट अडवली. ३ फेब्रुवारी १७६० रोजी निर्णायक झुंज झाली. तहात निजामाला सुमारे साठ लाखांचा मुलूख आणि दौलताबाद, अहमदनगर यांसारखी ठाणी द्यावी लागली. मराठ्यांच्या बाजूचा तोफखानाही या मोहिमेत महत्त्वाचा होता. केवळ घोड्यांनी हे युद्ध जिंकले असे म्हणता येणार नाही.

२०/
पण घोड्याच्या बाजूने ही मोहीम पाहिली तर काय दिसते? तोफेचा धूर आणि आवाज यांपासून पळून जाणे हा त्याचा जन्मजात स्वभाव. त्याने त्याच आवाजाभोवती दिवसेंदिवस घेर धरायचा, स्वाराच्या मांडीच्या दाबावर वळायचे, एका हाताच्या लगामावर थांबायचे, कारण स्वाराच्या दुसऱ्या हातात भाला किंवा तलवार. हे केवळ मार देऊन साधत नाही. माराने घोडा मारणाऱ्याला भितो. आणि तोफ मारणाऱ्यापेक्षा नेहमीच मोठी असते. ज्या घोड्याने रिंगणात माणसावर भिस्त ठेवायला शिकलेले असते, तोच अशा वेळी त्याच्या हाती राहतो.

२१/
शिलेदारी पुढे इंग्रजांनीही उचलली. त्यांच्या घोडदळातील ‘सिल्लादार’ पद्धत हे आपल्याच शब्दाचे रूप : स्वाराने घोडा आणि सरंजाम स्वतःचा आणायचा किंवा त्यासाठी रक्कम भरायची. निजामाच्या राज्यातील हैदराबाद कंटिंजंटच्या छावण्या नांदेडशेजारी हिंगोलीला आणि लातूरशेजारी मोमिनाबाद, म्हणजे अंबाजोगाई, येथे होत्या. १९०३ मध्ये ही फौज भारतीय लष्करात विलीन झाली. तिच्यातून आलेल्या डेक्कन हॉर्स पलटणीने १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वूडजवळ घोड्यांवरून हल्ला चढवला. मशीनगनच्या युगातील तो विरळा प्रसंग. महायुद्धानंतर सिल्लादार पद्धत बंद झाली आणि घोडदळेही हळूहळू रणगाड्यांवर गेली.

२२/
घोडा लष्करातून गेला, भाषेतून गेला नाही. सत्तेची ‘बागडोर’ म्हणजे घोडा हातात धरून चालवण्याची दोरी. ‘खोगीरभरती’ म्हणजे खोगिरात कोंबलेला चिंध्या-गवताचा भरणा. ‘अगाडी-पिछाडी’ म्हणजे घोड्याचे पुढचे आणि मागचे बांध. ‘तोबरा भरणे’, ‘बेलगाम’, ‘घोडामैदान जवळच आहे’ हे सारे पागेच्या अंगणातून आले. यांत रणांगणापेक्षा ठाणावरचे, जमिनीवरचे शब्द जास्त आहेत. बखरींत सरदारांची नावे झळकतात. मोतद्दार, नालबंद आणि चाबूकस्वार बहुतेक पदनामानेच वावरतात. परदेशातल्या किक्कुलीचे नाव पाटीवर उरले. इथल्यांची स्मारके म्हणजे हे शब्द.

२३/
ही परंपरा जिवंत पाहायची तर पहिला पत्ता नांदेडचा. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग यांचे येथे देहावसान झाले, आणि तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब येथे आजही घोडे पाळले जातात. त्यांपैकी काही गुरूंच्या घोड्याच्या वंशातील आहेत अशी श्रद्धा आहे. होला मोहल्ला आणि दसऱ्याच्या मिरवणुकांत सजवलेले घोडे चालतात. गुलाल, जयघोष, शस्त्रे आणि खांद्याला खांदा लावून उभी गर्दी यांतून शांतपणे चालणाऱ्या घोड्यामागे वर्षानुवर्षांचे रोजचे हाताळणे असते.

२४/
दुसरा दाखला साऱ्या महाराष्ट्राचा आहे. पंढरीच्या वारीत ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीसोबत अंकलीच्या शितोळे सरकारांकडून अश्व येतात. गोल रिंगणात जरीपटका घेतलेला स्वार एका घोड्यावर असतो. माउलींचा मानला जाणारा दुसरा अश्व स्वाराविना धावतो. पाठीवर कोणी नाही, लगाम कोणाच्या हातात नाही, भोवती टाळ-मृदंगांचा कल्लोळ आणि हजारो माणसे, तरी तो वर्तुळ सोडत नाही. भाविक त्या टापांखालची माती कपाळी लावतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्या दृश्यात श्रद्धेबरोबरच जमिनीवर घडलेल्या घोड्याचे शिक्षणही पाहावे.

२५/
आणि तिसरा पत्ता माळेगाव. नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यातील या गावी मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाची यात्रा भरते. दैवत स्वतः घोड्यावर बसणारे, आणि यात्रेचा लौकिकही घोडेबाजाराचा. दूरदूरचे व्यापारी जनावरे घेऊन उतरतात. ग्राहक दात पाहून वय ठरवतात, चार पाय आणि कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी शोधतात, अंगावरचे भोवरे मोजतात. मानेवरचा देवमण शुभ मानतात. शालिहोत्र परंपरेत या भोवऱ्यांना ‘आवर्त’ म्हणतात. पुन्हा तेच मूळ, तेच वर्तुळ.

२६/
आज बाजारात घोड्याला मागणी आहे ती मुख्यतः वरातीसाठी, नाचासाठी आणि हौसेसाठी. हंगाम तोंडावर आलेला असतो आणि घाई असते. घाईचे हत्यार म्हणजे काटेरी लगाम : तोंडाच्या कडांना टोचणारा, वेदनेने मान वळवायला लावणारा. मालवाहू आणि ओढकामाच्या जनावरांसाठी केंद्राने केलेल्या १९६५ च्या नियमांनी काटेरी साधनांना मनाई केली आहे. तरी असे लगाम आजही वापरात दिसतात. जखमी तोंडाचा घोडा बँडच्या तालावर नाचतो तेव्हा पाहणाऱ्यांना ते शिक्षण वाटते. ज्याला रोज फिरवायला दोन वर्षे नव्हती, त्याने दोन आठवड्यांत वेदनेकडून करून घेतलेले ते काम असते.

२७/
येथे एक हिशेब लक्षात घ्यावा. कौटिल्याचा अश्वाध्यक्ष, चालुक्यांचा राजा, शिवकालीन पागा आणि गरीब शिलेदार यांना घोड्याविषयी केवळ कळवळा होता म्हणून त्यांनी संयम ठेवला असे नाही. बिथरलेला घोडा त्यांना परवडत नव्हता. आज वरातीचा घोडा बिथरला तर दुसरा भाड्याने आणता येतो. गरज संपली की संयमाला आश्रय देणारे कोणी उरत नाही, आणि हातातून हातात जाणारी विद्या एका पिढीच्या अंतराने नाहीशी होते. किल्ल्याची तटबंदी ढासळली तर तिचे दगड तरी उरतात. दोरी नेमकी केव्हा सैल सोडावी, हे ज्या बोटांना ठाऊक होते त्यांचे तसे नाही.

२८/
म्हणून माळेगावच्या यात्रेला जाणाऱ्या इतिहासप्रेमींनी सर्वांत महागड्या घोड्याभोवतीच्या गर्दीतून थोडे बाजूला व्हावे. तंबूमागच्या मोकळ्या जागेत एखादा म्हातारा शिंगराला दोरीवर फिरवताना दिसला तर तिथे थांबावे. घोड्याकडे कमी आणि त्याच्या हाताकडे जास्त पाहावे. त्याला विचारावे : हे कोणाकडून शिकलात, पहिल्या दिवशी काय करता, अडला तर काय करता, खोगीर कितव्या महिन्यात? त्याचे शब्द आहेत तसे, त्याच्या बोलीत, उतरवून घ्यावेत. कंधारच्या बुरुजाचे छायाचित्र पुढच्या वर्षीही काढता येईल.